सुतार मॅडमचा आवाज

त्या वर्षी मिरजेत सासवांचे दोन पक्ष पडले होते. ज्यांच्या आवाजाने मुलाचं आतडं मोकळं होतं त्या एका बाजूला, आणि उरलेल्या सगळ्या दुसऱ्या बाजूला. पहिल्या पक्षातल्या बायका मंडईत मान वर करून चालत आणि ‘आमच्या सुहासचं पोट माझ्याच आवाजावर चालतं बाई’ हे वाक्य भाजीवाल्यालासुद्धा ऐकवत. दुसऱ्या पक्षातल्या बायकांचं म्हणणं असं, की ते यंत्रच मुळात खोटं आहे. स्थळांच्या जाहिरातींत शिक्षण आणि उंचीच्या शेजारी ‘पोटओळख करून घेण्यास तयार’ अशी ओळ येऊ लागली होती, आणि ठरलेली दोन-तीन लग्नं त्यापायी मोडलीही होती.

या सगळ्याचं मूळ होतं आंत्रपट. आंत्र म्हणजे आतडं, आणि आंत्रपट म्हणजे त्या आतड्याचा हलता चित्रपट. पूर्वी डॉक्टरांना पोटाच्या आतला आकार तेवढा दिसायचा. जखम दिसे, गाठ दिसे, सूज दिसे. पण पुष्कळ रुग्णांच्या पोटात यातलं काहीच नसे आणि तरी खाल्लेलं पुढे सरकत नसे. आपल्या आतड्याला स्वतःचं असं चेतापेशींचं जाळं असतं, कोट्यवधी पेशींचं, आणि ते बरीचशी कामं मेंदूला न विचारता उरकत असतं. हे जाळं काम करताना बघायचं तर रुग्णाला पेजेसारखं एक पांढरं पेय प्यायला देत. त्यातले कण चेतापेशींना चिकटत आणि पेशी जागी झाली की चुंबकीय यंत्रात मंद चमकत. जिथे आतडं सैल पडून लाट पुढे सरके तिथे पडद्यावर निळा रंग, जिथे ते आवळून बसे तिथे लाल.

इथपर्यंत सगळं अपेक्षेप्रमाणे झालं. अपेक्षेबाहेरची गोष्ट अशी निघाली, की खोलीत कोण बोलतं आहे त्याप्रमाणे रंग बदलत होते. रुग्ण झोपेत असला तरी बदलत होते. आतड्याला शब्द कळत नाहीत, पण आवाज ओळखू येतो, आणि त्या आवाजामागोमाग आपलं काय झालं होतं तेही त्याच्या लक्षात राहतं. शास्त्रज्ञ याला आंत्रस्मृती म्हणत. लोकांनी त्याचं पोटओळख करून टाकलं.

त्रिशला चौगुलेला या वादात कधी पडावं लागलं नव्हतं, कारण तिला स्वतःबद्दल शंकाच नव्हती. नवऱ्याला तिच्याइतकं प्रेमाने जेवू घालणारी बाई अख्ख्या सांगली जिल्ह्यात नाही, असं तिच्या नणंदासुद्धा कबूल करत. चौगुल्यांकडे जेवायला जायचं म्हणजे आदल्या दिवशी उपास करायचा, असं नातेवाईक गमतीने म्हणत. ताटावर हात आडवा धरला तर ती बोटांच्या फटीतून वाढे. “घ्या की ओ, एवढ्याशानं काय होतंय,” हे ती इतक्या मायेने म्हणे की नाही म्हणणाऱ्यालाच आपण काहीतरी पाप केल्यासारखं वाटे.

तिचा नवरा अभिनंदन पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाला आणि वर्षभरात त्याला आंत्रस्तंभ झाला. जठराच्या तळाशी एक लहानसं दार असतं. खाल्लेलं घुसळून झालं की ते दार उघडतं आणि अन्न पुढे जातं. आंत्रस्तंभात हे दार उघडायचंच राहून जातं. अभिनंदन चार घास खाई आणि ते चार घास दुसऱ्या दिवशीपर्यंत तिथेच बसून राहत. अंगातले सदरे हँगरला लटकल्यासारखे दिसू लागले. औषधं झाली, पथ्यं झाली, त्रिशलाचा शिखरजीला नवस बोलून झाला. शेवटी आंत्रविज्ञान केंद्राच्या डॉक्टर शिरीन मुजावर यांनी सांगितलं, की आता दोनच वाटा उरल्या आहेत. एक, पोटाला भोक पाडून नळीवाटे थेट आतड्यात अन्न सोडायचं, आणि मग तोंडाने जेवण कायमचं बंद. दोन, स्वरमात्रा.

“म्हणजे आवाजाचं औषध,” डॉक्टर म्हणाल्या. “ज्या आवाजावर यांच्या पोटाचं दार उघडतं तो आवाज शोधायचा आणि जेवताना तो ऐकवायचा. लाखातल्या एखाद्याच आवाजाला ती ताकद असते हां ताई. बाकी बहुतेकांनी ना फायदा ना तोटा. पण सापडला तर माणूस पोटभर जेवतो.”

“सापडायचंय काय त्यात,” त्रिशला म्हणाली. “मी आलेय की.”

चाचणीच्या दिवशी ती मोतिया रंगाची साडी नेसून गेली. अभिनंदनला यंत्राच्या बोगद्यात सरकवलं होतं आणि काचेपलीकडच्या खोलीत डॉक्टर आणि ती पडद्यासमोर बसल्या होत्या. बोलायचं ते माइकवर बोलायचं, त्याच्या कानापर्यंत ते पोचत होतं. आधी बंगळूरला असलेल्या मुलाचा आवाज लावला. पडद्यावर काही हललं नाही. मग नणंदेचा. तिथेही काही नाही. त्रिशलाला मनातून बरंच वाटलं.

“आता तुम्ही. जेवताना नेहमी जे बोलता तेच बोला.”

त्रिशलाने माइक जवळ ओढला. “अहो, खावा की पोटभर. अजून एक चपाती घ्या. घ्या की ओ, माझी शपथ आहे.”

पडद्यावर जठराच्या तळाशी एक लाल ठिपका उमटला. तो पसरत गेला, आणि ते दार, जे नुसतं बंद होतं, ते मूठ आवळावी तसं आवळलं गेलं.

“लाल म्हणजे काय ते मी विसरले,” त्रिशला म्हणाली. ती विसरली नव्हती.

डॉक्टरांनी तिच्याकडून हवामानाची बातमी वाचून घेतली. कोकणात तुरळक सरी, उर्वरित भागात आकाश निरभ्र. तरी लाल. शब्द कुठलेही असोत, आवाज त्रिशलाचा असला की दार घट्ट.

“अजून एक आवाज आहे,” डॉक्टर जरा चाचरत म्हणाल्या. “साहेबांना मी विचारलं होतं, घराबाहेर कुणाबरोबर जेवायचात. त्यांनी ऑफिसातल्या एका बाईंचं नाव दिलं. हेमांगी सुतार. त्यांनी फोनवरून आवाज पाठवलाय.”

सुतार मॅडमना त्रिशलाने निवृत्तीच्या समारंभात एकदा पाहिलं होतं. किडकिडीत, चष्मा, वाटीभर भात घेऊन कोपऱ्यात बसलेली बाई. लक्षात ठेवावं असं तिच्यात काही नव्हतं. आता खोलीत तिचा आवाज घुमला. कोरडा, सावकाश, बँकेत टोकन पुकारावं तसा. ती वर्तमानपत्रातलं शब्दकोडं वाचत होती. “आडवे सात. नदीचे पात्र ओलांडण्याची जागा, तीन अक्षरी. उभे चार. राजाचा सल्लागार, दोन अक्षरी.”

लाल ठिपका विरघळला. जठराच्या वरच्या टोकाला निळी रेघ उठली, खाली उतरली, दार उघडलं आणि ते पांढरं पेय सरळ पुढे निघून गेलं. डॉक्टर शिरीन खुर्चीतून अर्ध्या उठल्या. “सापडला!” त्या म्हणाल्या, आणि शेजारी कोण बसलं आहे हे आठवून पुन्हा खाली बसल्या.

“किती वर्षं चाललंय हे?” त्रिशलाने विचारलं.

“काय चाललंय?”

“यांचं आणि तिचं.”

“ताई, पोटाला प्रेमबिम कळत नाही,” डॉक्टर समजावून सांगू लागल्या. “त्याला एवढंच कळतं, की या आवाजानंतर माझ्यावर काय आलं. तुमच्या आवाजानंतर काय यायचं? अजून एक चपाती. पोट भरलेलं असताना. तीस वर्षं रोज तो आवाज आला, की मागोमाग ओझं आलं. पोट शिकलं, हा आवाज आला की दार लावून घ्यायचं. सुतार मॅडमच्या आवाजानंतर काहीच आलं नाही. त्या नुसतं कोडं वाचत बसल्या.”

“म्हणजे मी त्यांना जेवू घातलं म्हणून मी वाईट, आणि तिनं पाणीसुद्धा विचारलं नाही म्हणून ती चांगली?”

“चांगलं-वाईट यंत्राला कळत नाही ओ.”

“मग तुमच्या यंत्राला कळतंय तरी काय?” त्रिशला म्हणाली आणि तरातरा बाहेर गेली.

घरी तिने अभिनंदनला फैलावर घेतलं. तो पायरीवर बसून बूट काढत होता.

“काय बोलायचात तुम्ही दोघं?”

“शब्दकोडं सोडवायचो.”

“आणि?”

“आणि काय? सुट्टी संपायची.”

“घरचं काही बोलणं? सुखदुःखाचं?”

अभिनंदनने खरोखर आठवून पाहिलं. “नाही बा. एकदा तिचा दात दुखत होता तेव्हा सांगितलेलं.”

त्रिशलाला संताप आवरेना. काही लफडं असतं तर तिला काय करायचं ते माहीत होतं. भावाला बोलावलं असतं, चार लोकांत तोंड सोडलं असतं, माहेरी निघून गेली असती. पण इथे पकडायला काहीच नव्हतं. एक बाई आणि एक पुरुष टेबलाच्या दोन बाजूंना बसून कोडं सोडवत होते, आणि तेवढ्यावर त्या बाईने तिच्या नवऱ्याचं काळीज नव्हे, त्याच्याही आतलं काहीतरी नेलं होतं.

स्वरमात्रा सुरू झाली. ताटाशेजारी एक छोटा स्पीकर ठेवायचा आणि त्यातून सुतार मॅडमने वाचलेली कोडी वाजायची. चौगुल्यांकडे सूर्य मावळायच्या आत जेवायची रीत होती, त्यामुळे संध्याकाळच्या उन्हात पाट मांडला जाई. अभिनंदन जेवे आणि त्रिशला समोर तोंड मिटून बसे. पहिल्या आठवड्यात त्याने अख्खी भाकरी संपवली. त्या दिवशी त्रिशलाने देवासमोर दिवा लावला, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी इतकी जोरात आपटली की शेजारीण विचारायला आली. तिला नवरा जगायला हवा होता. तो त्या स्पीकरमुळे जगतो आहे हे मात्र तिला बघवत नव्हतं.

तिने करून पाहिलं नाही असं नाही. कोड्यांची पुस्तकं आणली आणि स्पीकर बंद करून स्वतः वाचली, तशीच सावकाश, तशीच कोरडी. अभिनंदनने तीन घास खाल्ले आणि पोट धरून उठला. “तुझा दोष नाही त्यात,” तो म्हणाला. हे तिला जास्तच झोंबलं.

मग एका दुपारी ती सांगलीतल्या विश्रामबागेत सुतार मॅडमच्या घरी जाऊन धडकली. काय बोलायचं ते रिक्षात घोकून ठेवलं होतं. दार सुतार मॅडमनेच उघडलं, आणि त्रिशला काही बोलायच्या आत ती म्हणाली, “चौगुले वहिनी ना? या. तुमच्या हातची मटकीची उसळ मला अजून आठवते.”

“तुम्ही कधी खाल्लीत माझ्या हातची उसळ?”

“रोजच की.” सुतार मॅडम ओशाळून हसली. “त्यांचा डबा चार जणांचा असायचा. ते दोन चपात्या घ्यायचे आणि बाकीचा डबा माझ्यापुढे सरकवायचे. म्हणायचे, संपवा, घरी डबा भरलेला गेला तर तिला वाईट वाटतं. मी एकटी राहते, सकाळी कशाला करतेय एवढं. अठरा वर्षं तुमच्याच हातचं जेवले मी.”

त्रिशला खुर्चीत बसली. रोज संध्याकाळी तो डबा रिकामा यायचा आणि तो विसळताना आपल्याला किती बरं वाटायचं, हे तिला आठवलं. सगळी भांडणाची वाक्यं कुठल्या कुठे गेली. तिच्या रागाला आता धड जागा उरली नाही, पण राग मात्र होता तेवढाच राहिला. उलट वाढला. या बाईने तिचा स्वयंपाकही खाल्ला होता.

“तुम्ही त्यांना कधी म्हणाला नाहीत, अजून थोडं खावा म्हणून?”

“मी कशाला म्हणू?” सुतार मॅडमला प्रश्नच कळला नाही. “भूक त्यांची.”

पावसाळा संपता संपता ध्वनिमुद्रणाचा गुण ओसरला. डॉक्टरांना याची कल्पना होती. तोच तो मुद्रित आवाज आतडं काही महिन्यांत ऐकेनासं करतं, जशी भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक आपण ऐकेनाशी करतो. आवाज शिळा होतो, असं केंद्रात म्हणत. ताजा आवाज हवा, ताज्या बोलण्यातला, समोरच्या माणसाला बघून बोललेला.

“एक तर सुतार मॅडमनी रोज जेवणाच्या वेळी तुमच्या घरी येऊन बसायचं,” डॉक्टर म्हणाल्या. “त्या तयार आहेत.”

“दुसरं सांगा,” त्रिशला म्हणाली.

दुसरं होतं स्वरकंठी. गळ्याभोवती बांधायची बोटभर रुंदीची पट्टी. आपण हळू आवाजात बोलायचं, पट्टी तो आवाज गळ्यातच टिपणार आणि दुसऱ्याच्या आवाजात बाहेर काढणार, त्याच क्षणी. बोलणारी त्रिशला, ऐकू येणार सुतार मॅडम.

“बांधा,” त्रिशला म्हणाली. तो आवाज घरात येणारच असेल तर निदान तो आपल्या गळ्यातून येऊ दे, असा तिचा हिशेब होता.

पट्टी बांधताना डॉक्टर शिरीननी तिला समोर बसवून बजावलं. “ताई, एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. काहीही बोला, पण आग्रह करू नका. आजारी आतडं फार लवकर शिकतं. तुमच्या आवाजाचं जे तीस वर्षांत झालं ते या आवाजाचं महिन्याभरात होईल. मग खऱ्या सुतार मॅडम येऊन बसल्या तरी उपयोग नाही. आणि तिसरा आवाज आपल्याकडे नाही. मग नळीच.”

“मला काय खुळी समजलात काय,” त्रिशला म्हणाली. ते सुतार मॅडमच्या आवाजात बाहेर पडलं आणि दोघीही दचकल्या.

कंठीने जादू केली. अभिनंदनच्या गालांवर मांस आलं. त्रिशला समोर बसून कोडं वाचायची, कधी वर्तमानपत्रातली बातमी, कधी मुलाचा निरोप. तो मागेल तेवढंच वाढायची. न मागता हातातला डाव ताटाकडे गेला की दुसऱ्या हाताने स्वतःचं मनगट धरायची. जेवण झालं की ती कंठी काढून फडताळात ठेवी आणि पुन्हा स्वतःच्या आवाजात बोलू लागे. तेवढ्यात अभिनंदनचा हात नकळत पोटावर जाई. त्याला स्वतःला ते कळत नसे. त्रिशलाला रोज कळे.

दिवाळीनंतर एकदा ती जेवणानंतर कंठी सोडायला लागली, तेव्हा तो म्हणाला, “राहू दे की.”

“काय?”

“ती पट्टी. कशाला सारखी काढतीस? दुपारी बोलत बसलो की बरं वाटतं मला. अंगाला हलकं वाटतं.” तो अगदी सहज म्हणाला, पंखा राहू दे म्हणावं तसं. “तुला टोचत असली तर काढ बापडी.”

“टोचत नाही,” त्रिशला म्हणाली.

तिने पट्टी ठेवली. दिवसभर ठेवली, दुसऱ्या दिवशीही ठेवली. तो तिच्याशी कधी नव्हे इतकं बोलू लागला. लहानपणी कृष्णेत पोहायला गेल्याचं, बापाने मारल्याचं, नोकरीच्या पहिल्या दिवशी धरणाच्या भिंतीवर चढून घाबरल्याचं. संसारात कधी न सांगितलेल्या गोष्टी. त्रिशला हुंकार देई आणि तो हुंकारही दुसरीचा असे. तो हसला की ती त्याच्या तोंडाकडे बघत राही आणि तिच्या मनात येई, हा कुणाशी हसतोय? सवत घरात आणलेल्या बायकांच्या गोष्टी तिने ऐकल्या होत्या. पण सवतीला शिव्या तरी देता येतात. इथे शिवी द्यायला तोंड उघडलं असतं तर तीच बोलली असती.

आणि मग एका संध्याकाळी, चपाती तव्यावरून काढताना, तिच्या लक्षात आलं की तो आवाज तिच्या मुठीत आहे. तो आवाज कसा मारायचा ते डॉक्टरांनी तिला समोर बसवून शिकवलं होतं.

अभिनंदन जेवून तृप्त झाला होता. त्याने ताटावर हात आडवा धरला.

“घ्या की अजून एक,” ती सुतार मॅडमच्या आवाजात म्हणाली.

तो थबकला. त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, जरा वेळ पाहिलं, आणि हात बाजूला घेतला. तिने चपाती वाढली, वर तूप सोडलं. त्याने ती संपवली.

दुसऱ्या दिवशी तिने ठरवलं, आता नाही. तरी वाढली. कधी तिला वाटे आपण हे मायेपोटी करतोय, इतक्या महिन्यांनी त्याला मनासारखं वाढता येतंय म्हणून. कधी ती स्वतःशी कबूल करे, की तसं काही नाही, आपल्याला तो आवाज मेलेला बघायचाय. दोन्ही खरं असावं. “माझी शपथ,” ती त्या कोरड्या आवाजात म्हणे, आणि अभिनंदन दर वेळी हात बाजूला घेई.

महिन्याभराने तपासणीला गेले तेव्हा वाढलेलं वजन बघून डॉक्टर शिरीन खुशीत होत्या. त्यांनी अभिनंदनला बोगद्यात सरकवलं, त्रिशलाची कंठी सोडून टेबलावर ठेवली आणि सुतार मॅडमना फोन लावून त्यांचा ताजा, खरा आवाज आत सोडला. “काय चौगुले साहेब, बरे आहात ना? ऐका. आडवे तीन...”

लाल. ठिपका उमटला, पसरला, दार आवळलं. त्रिशलाच्या आवाजावर आवळलं होतं तसंच, तिथेच, तेवढंच. डॉक्टरांनी दोनदा लावून पाहिलं.

आता दोघींचा रंग एकच होता. त्रिशलाला रडू यायला हवं होतं. पण पहिल्यांदा जो आला तो सुटकेचा श्वास होता, आणि तो सोडल्यावर तिला स्वतःचीच भीती वाटली.

डॉक्टरांनी तिच्याकडे वळून विचारलं, “ताई, घरी आग्रह केलात?”

तेवढ्यात बोगद्यातून अभिनंदनचा आवाज आला. माइक चालूच होता. “नाही ओ डॉक्टर. तिनं नाही केला. मीच मागून घेत होतो. जिभेला चव आलेली, ऐकलं नाही मी.”

“मी शल्यचिकित्सकांशी बोलून येते,” डॉक्टर म्हणाल्या आणि बाहेर गेल्या. नळीचंच बोलायला गेल्या, हे सांगायची गरज नव्हती. यंत्र तसंच चालू राहिलं.

त्रिशलाने माइक जवळ ओढला. कंठी टेबलावर पडलेली होती. कितीतरी दिवसांनी ती त्याच्याशी स्वतःच्या आवाजात बोलली. “तुम्हाला कळलं होतं?”

“कळलं होतं.”

“मग का खाल्लंत?”

“तू म्हणालीस म्हणून,” तो म्हणाला. “आवाज कुणाचा का असेना, आग्रह तुझा होता. तीस वर्षं ऐकतोय, मला कळणार नाही व्हय? तू गप्प बसून वाढायचीस ना त्या दिवसांत, तेव्हा मला घरात परक्यासारखं वाटायचं. खरं सांगतोय. तुझ्याइतका जीव कुणी लावला नाही मला.”

तो हे अगदी मनापासून सांगत होता. आणि त्रिशलाच्या समोरच्या पडद्यावर, तिच्या दोन वाक्यांनी पेटलेला लाल रंग जठराच्या तळापासून वर चढत चालला होता. तो बोलत होता ते खरं होतं. पडद्यावरचंही खरं होतं. दोन्ही एकाच माणसाच्या आत, वीतभर अंतरावर होतं.

तिला आणखी एक विचारायचं होतं. तेच, जे पहिल्या चाचणीच्या दिवसापासून तिला आतून कुरतडत होतं: तो आग्रह तिने केला असता, त्या सुतारबाईने स्वतः येऊन, तरी असाच हात बाजूला घेतला असतात का?

“त्रिशला?” तो आतून म्हणाला. “आहेस ना? बोल की.”

तिने पडद्याकडे पाहिलं. ती गप्प राहिली तसा लाल रंग कडेकडेने फिका व्हायला लागला होता. तिने माइकचं बटण बंद केलं, आणि काचेला हात टेकून, रंग पूर्ण जाईपर्यंत तशीच उभी राहिली.